वहिनींचा कप

आमच्या घराला गॅरेज होतं, पण ते गाडीसाठी नव्हतं. ऑकलंडच्या बॉटनी डाउन्समधल्या आमच्या गल्लीत संध्याकाळी सगळ्यांच्या गाड्या शटर वर करून गुमान आत जायच्या आणि आमची तेवढी ड्राइव्हवेवर पावसात उभी असायची. शेजारच्या ग्रॅहमला सुरुवातीला वाटलं, की आमचं शटर अडकलंय. तो बिचारा एका शनिवारी तेलाचा डबा घेऊन मदतीला आला. बाबांनी मोठ्या अभिमानाने शटर उघडून दाखवलं. आतलं बघून ग्रॅहम 'स्वीट ॲज', म्हणजे 'झकास', एवढंच म्हणाला आणि त्या विषयावर पुन्हा कधी बोलला नाही. आत 'पाहुणे गेले का?' राहत होतं. बाबांच्या तरुणपणी दूरदर्शनवर लागलेली ती विनोदी मालिका. ती संपून कैक वर्षं झाली होती, तिच्यात काम करणारे निम्मे लोक वर गेले होते, पण तिचा संसार, म्हणजे त्यातला जेवढा बाबांच्या हाती लागला तेवढा, आमच्या गॅरेजमध्ये सुखाने नांदत होता.

मालिका अशी होती. एका घरात माणसं सहा, कप सहा, आणि दर आठवड्याला एक पाहुणा, जो जायचं नाव घ्यायचा नाही. घरातल्या बाईंचं नाव वहिनी. त्यांना दुसरं नाव द्यायची लेखकाला गरज वाटली नव्हती. पाहुणा आला की वहिनी मुकाट्याने आपला कप त्याला द्यायच्या आणि स्वतः स्टीलच्या फुलपात्रातून चहा प्यायच्या. शेवटी एकदाचा पाहुणा उठायचा, निरोप घेऊन पोपटांच्या पडद्याआड जायचा, आणि वहिनी स्वयंपाकघरातून विचारायच्या, "पाहुणे गेले का?" पडद्यामागून उत्तर यायचं, "नाही वहिनी, चपला शोधतोय." मग जरा शांतता, आणि आत ओट्यावर कप ठेवल्याचा आवाज. टक्. लगेच नावांच्या पाट्या सुरू. दर भागाचा शेवट हाच. बाबा म्हणायचे, विनोद कशाला म्हणतात ते त्या 'टक्'मध्ये आहे. आई म्हणायची, "त्यात विनोद कसला? दोन वर्षांत त्या बाईला कुणी सातवा कप आणून दिला नाही."

गॅरेजमध्ये तो पोपटांचा पडदा होता. पाहुण्याची छत्री होती, आणि एक चप्पल, एकच, जी दुसरी न सापडण्याच्या कथानकाशी सुसंगत आहे असं बाबांचं म्हणणं. कर्त्या पुरुषाचा तपकिरीचा डबा, दाराची पितळी कडी, भिंतीवरच्या कॅलेंडरचं एक पान, आणि वहिनींचे वेगवेगळ्या भागांतले फोटो, मासिकांतून कापलेले. बाबा मनुरेवात फार्मासिस्ट होते. दुकानातलं लेबलं छापायचं यंत्र त्यांनी घरच्या कामाला जुंपलं होतं, त्यामुळे प्रत्येक वस्तूवर एक पांढरी चिठ्ठी असायची: 'छत्री, भाग तिसरा ते अकरावा'. आणि खाली, यंत्राला ते बंद करता येत नसल्यामुळे, लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये अशा अर्थाची इंग्रजी सूचना. ती सूचना मी लहानपणी फार मनावर घेतली होती. त्या छत्रीला मी दहा वर्षांची होईपर्यंत हात लावला नाही.

आमचा रविवार त्या मालिकेचा. आई हॉस्पिटलात नर्स, तिची रात्रपाळी संपवून ती सकाळी यायची आणि अंघोळ करून झोपायच्या आधी आमच्यासाठी पोहे टाकायची. मोहरी तडतडली की इकडे व्हिडिओत कॅसेट सरकल्याचा आवाज व्हायचा; हे दोन आवाज माझ्या डोक्यात आजही एकत्रच येतात. कॅसेट इतकी झिजली होती की वहिनींच्या चेहऱ्यावरून सतत पांढऱ्या रेघा धावायच्या. बाबा पात्रांच्या आधी संवाद म्हणायचे. मी सोफ्यावर पोह्यांची बशी घेऊन हसायचे, कारण बाबा हसत असायचे. मला मराठी समजायचं सगळं, पण मी बोलायचे इंग्रजीत. बाबांनी विचारावं, "मनू, लिंबू हवं का?" आणि मी म्हणावं, "या, हीप्स", म्हणजे 'हो, भरपूर'. बाबांना त्याचं वाईट वाटायचं. आई म्हणायची, "हवंय ना तिला? मग पिळा." आता माझी मुलगी मला असंच उत्तर देते, आणि मला बाबांसारखंच वाईट वाटतं, आणि आईसारखं बोलायला मात्र सुचत नाही.

बाबांना माणसांचं वेड नव्हतं, हे इथे सांगायला हवं. मालिकेतल्या पाहुण्यावर जीव टाकणारा हा गृहस्थ खरा पाहुणा आला की गॅरेजमध्ये जाऊन बसायचा. ऑकलंडमधली मराठी मंडळी त्यांना कंटाळवाणी वाटायची. "सगळे घराच्या किमती बोलतात," असं ते म्हणायचे, आणि ते खरंही होतं. पण गणपतीलाही ते आरतीपुरते जायचे आणि प्रसाद हातात पडला की गाडीची किल्ली वाजवायला लागायचे. आई एकटीच सगळीकडे जायची, आणि "अहो कुठेत?" असं कुणी विचारलं की "घरी पाहुणे आहेत" म्हणून सांगायची. ते खोटं नव्हतं.

तर मी सोळा वर्षांची होते, त्या वर्षी आईने करार केला होता. कपाटाला कपाट लागून शेवटी गॅरेजमधल्या वॉशिंग मशीनचा दरवाजा उघडेना, तेव्हा तिने सांगितलं, आहे ते राहू दे, पण यापुढे एक वस्तू आत आली तर गाडी आत येईल. बाबांनी मान डोलावली. तशी ते नेहमीच डोलवायचे. त्यानंतर काही महिन्यांतच पुण्याहून त्यांचा मित्र सुधाकाका फोनवर कुजबुजला, की मालिकेचं सामान जिथे पडून होतं ते गोदाम मोकळं होतंय आणि त्यात कप आहेत. हिरव्या रेघेचे, सहाच्या सहा. बशा फुटल्या, पण कप शाबूत. हे ऐकून कराराचं काय झालं असेल ते वेगळं सांगायला नको. प्रश्न एवढाच होता की ते आईच्या नकळत आणायचे कसे. माझी बेबीमावशी दर वर्षी तुळशीबागेतून संक्रांतीच्या हळदीकुंकवासाठी वाण घेऊन खोक्याने पाठवायची. बाबांनी सुधाकाकाला सांगितलं, बेबीकडे नेऊन दे, तळाशी ठेवायला सांग, खोकं आलं की ही उघडायच्या आधी मी काढून घेईन. बेत उत्तम होता. फक्त खोकं आलं त्या दिवशी बाबा दुकानात होते.

आमच्याकडची संक्रांत म्हणजे ऐन उन्हाळा. पुण्याच्या बायका स्वेटरवर शाल घेऊन हळदीकुंकवाला जातात, आमच्याकडे काठपदराच्या साड्या आणि दाराशी जँडल्सचा, म्हणजे रबरी चपलांचा, ढीग. तिळाचे लाडू हातात घेतले की पाघळायचे. ऊस मिळायचा नाही म्हणून आई सुगडात प्लमच्या फोडी घालायची, आणि एकदा कुणीतरी नाक मुरडल्यावर म्हणाली होती, "देवीला व्हिसा मिळालाय, तर इथलं खाईल." त्या दिवशी हॉल बायकांनी भरला होता. आई कुंकू लावत होती, मी अत्तर लावत होते आणि खोक्यातून स्टीलच्या वाट्या काढून आईच्या हातात देत होते. अपेक्षेपेक्षा बायका जास्त आल्या आणि वाट्या संपल्या. तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. मी कागद सोडला. आईने बघितलं, क्षणभर थांबली आणि म्हणाली, "बेबीने कमी पडतील म्हणून कप घातलेले दिसतात. दे."

उशिरा आलेल्या सहा जणींना असे कप मिळाले. त्यांत एका मुलीबरोबर तिची सासू आली होती, मुलाकडे नातू सांभाळायला पुण्याहून आलेली. पांढऱ्या केसांची, सडपातळ, कडेच्या खुर्चीवर बसलेली. आई करंडा घेऊन गेली तेव्हा त्यांनी हात आडवा केला. "मला नको हो. आमचे हे जाऊन बरीच वर्षं झाली. मी नुसती सुनेला सोबत म्हणून."

आई रात्रपाळी करून आली होती आणि तिला धीर कमी होता. "मी नर्स आहे," ती म्हणाली, "नवरा आहे का ते बघून मी कुणाला इंजेक्शन देत नाही." आणि तिने त्यांना कुंकू लावलं, ओटी भरली आणि शेवटचा कप त्यांच्या हातात दिला. त्या बाई कपाकडे बघत राहिल्या. मला वाटलं, इतका साधा कप बघून वाईट वाटलं असेल. मी त्यांना एक लाडू जास्त दिला.

सुधाकाकाचा फोन आला तो पुढच्या रविवारी, पोह्यांच्या वेळी. "हो, हो," बाबा फोनवर म्हणाले, आणि मग, "थांब, बघतो." फोन ठेवून त्यांनी आईला अगदी सहज आवाजात विचारलं, बेबीचं खोकं आलं का यंदा. आई म्हणाली, "आलं, आणि वाटूनही झालं." बाबा बशीतले पोहे चमच्याने एका बाजूला करत बसले. कॅसेट चालू होती. वहिनी पाहुण्याला चहा देत होत्या, हिरव्या रेघेच्या कपातून.

आई आता पंचाहत्तरीची आहे आणि माझ्याजवळ राहते. परवा मी तिला विचारलं, तुला खरंच कळलं नव्हतं का? ती मेथी निवडत होती. "बेबीने जन्मात वाटीशिवाय काही वाटलेलं नाही," ती म्हणाली. "आणि ती हिरवी रेघ मी दर रविवारी बघत होते. आंधळी नव्हते." मग दिलेस कसे, असं विचारलं तर म्हणाली, "कप होते. बायका होत्या." पण आई हल्ली सगळ्याच गोष्टींचं श्रेय घेते, ग्रॅहमच्या मुलाच्या लग्नाचंसुद्धा, त्यामुळे मी या कबुलीवर फार विसंबत नाही.

बाबांची अडचण दुहेरी होती. एक तर वाण दिलं की दिलं. ते परत मागणं म्हणजे आईला भर समाजात खाली बघायला लावणं. आणि दुसरं, मागायचं तर कप कुठून आले ते सांगावं लागणार, ते आईच्या कानावर जाणार, आणि गाडी आत येणार. म्हणजे मग पडदा, छत्री, चप्पल, सगळंच रस्त्यावर. याच सुमारास मला लर्नर परवाना मिळाला होता. गाडीला पिवळी L पाटी लावायची आणि शेजारी जुना परवाना असलेलं मोठं माणूस बसवायचं, असा नियम. आई दिवसा झोपायची, म्हणून ते मोठं माणूस बाबा. सरावाचा बहाणा आयताच मिळाला. पहिल्याच वळणावर त्यांनी मला सगळं सांगून टाकलं, बहुधा मी रस्त्यावरून नजर काढू शकणार नाही म्हणून.

"बाबा, जस्ट आस्क देम," मी म्हणाले. "इट्स अ कप."

"कप नाही," बाबा म्हणाले. "सहा आहेत. आणि डावीकडचा इंडिकेटर बंद कर."

त्यांनी बॉटनीच्या दुकानातून सहा नवे कप घेतले, निळ्या फुलांचे, चांगले महाग, आणि ते खोकं मागच्या सीटवर पट्टा लावून ठेवलं. बेत असा, की सहज म्हणून जायचं, चहा घ्यायचा, कप दिसला की 'अरे, हा चुकून दिला गेला, तुमच्यासाठी हा होता' म्हणून बदलायचा. मागणं नाही, दुरुस्ती. पहिल्या घरी, एका डॉक्टरांकडे, आम्ही न सांगता गेलो तर त्यांना वाटलं कुणाचं तरी काही बरंवाईट झालं. बाबा कधीच कुणाकडे गेले नव्हते ना. मग त्या काकूंना इतका आनंद झाला की त्यांनी भजी तळायला घेतली. कप स्वयंपाकघराच्या खिडकीत होता. त्यात कोथिंबीर लावली होती आणि ती चांगली बोटभर उगवली होती. "मनूच्या आईला सांगा हं," काकू म्हणाल्या, "इथे कशातच उगवत नव्हती. त्यांच्या हाताचं वाण, आठ दिवसांत वर आली." बाबांनी कोथिंबिरीकडे पाहिलं, मग भजी खाल्ली. निळ्या फुलांचं खोकं गाडीतून उतरलंच नाही.

दुसऱ्या घरी तो कप मुलांच्या ब्रशांना दिला होता. बाबा हात धुवायला म्हणून आत गेले ते बराच वेळ बाहेर आले नाहीत, आणि आले ते त्या घरच्या मुलांना दात कसे घासावेत हे शिकवून. तिसरा कप थेट टौरंगाला गेला होता. किवीच्या पॅकिंगच्या कारखान्यात इंजिनियर असलेल्या एका कुटुंबाकडे. आम्ही कायमाईचा डोंगर ओलांडून गेलो, वळणांवर मी आणि बाबा दोघेही आपापले देव आठवत. त्यांनी तो कप शेजारच्या म्हाताऱ्या किवी बाईंना दिला होता, कारण त्यांचा नेहमीचा फुटला होता. त्या बाई कुंपणापलीकडून तोच कप उंचावून आम्हाला 'किया ओरा' म्हणाल्या. बाबांनीही हात हलवला. आम्ही जेवून निघालो, डिकीत त्यांनी दिलेली किवीची पेटी. परतीच्या वाटेवर बाबा म्हणाले, "ते घराच्या किमतींवर फार बोलले नाहीत, नाही?" मी म्हटलं, "यू वेअर द वन हू आस्क्ड, बाबा."

असं करत उन्हाळा संपला आणि फेजोआचे, म्हणजे पेरूसारख्या त्या हिरव्या फळांचे, दिवस आले. ग्रॅहम दरवर्षीप्रमाणे आमच्या दाराशी पिशव्या ठेवून जायला लागला आणि आईने फेजोआची चटणी घातली, जिला ती हट्टाने कैरीची म्हणायची. बाबा आता कुणाच्या ना कुणाच्या घरी असायचे. ज्यांच्याकडे कप नव्हते तेही बोलवायला लागले. पाच कप बघून झाले, एकही हाती आला नाही. आई काही विचारायची नाही, फक्त निघताना चटणीची बाटली द्यायची. "रिकाम्या हाताने जाऊ नका," म्हणायची. मला तेव्हा ते साधं वाटायचं.

सहावा कप त्या सासूबाईंचा. कानिटकरांचं घर आमच्यापासून जवळच, शॉपिंग सेंटरच्या मागे. त्या दिवशी बाबांनी निश्चय केला होता. "हा शेवटचा," ते गाडीत म्हणाले. "इथे मागायचाच. एक तरी कप मिळालाच पाहिजे. म्हातारी बाई आहे, निळ्या फुलांचा देऊ, खूश होईल." मी गाडी लावली. समांतर लावायची होती, तिसऱ्या खेपेला जमली. निळ्या फुलांच्या खोक्यातला एक कप बाबांनी काढून कोटाच्या खिशात घातला. खिसा चांगलाच फुगला.

दार सासूबाईंनीच उघडलं. सून आणि मुलगा कामावर, बाळ आत झोपलेलं. "अय्या, औषधवाले तुम्ही," त्या म्हणाल्या. तेव्हा बाबांना कळलं, की या तर आपल्या दुकानात येतात. मुलगा मनुरेवाला कामाला होता, तो त्यांना दर महिन्याला घेऊन यायचा, रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी. "हो हो, सुनंदा कानिटकर," बाबा म्हणाले. त्यांना माणसं लेबलावरून आठवायची. "सकाळची एक, जेवणानंतर. घेता ना नियमित?" त्यांनी आम्हाला बसवलं आणि चहाचं आधण ठेवलं. कप ओट्यावरच होता, हिरव्या रेघेचा, धुऊन पालथा घातलेला. बाबांनी खिशावर हात ठेवला. घसा साफ केला. "त्याचं असं आहे," त्यांनी सुरुवात केली, "त्या दिवशी आमच्याकडे हळदीकुंकवाला..."

"तेच बोलायचं होतं मला," त्या म्हणाल्या. त्या ओट्याशी पाठमोऱ्या होत्या. "तुमच्याकडे येऊन बोलणार होते, पण बाळाला सोडून निघवत नाही. कसं सांगू. मला या गावात कुणी ओळखत नाही. सुनेलासुद्धा माहीत नाही धड. लग्न झालं, सासरी नाव बदललं, यांना ते काम पसंत नव्हतं, मी सोडलं. संपलं. त्याला किती वर्षं झाली. आणि तुमच्या मिसेस येतात, कुंकू लावतात आणि माझ्या हातात तो कप ठेवतात. एक शब्द बोलल्या नाहीत हं. एवढ्या बायकांत मला उघडं पाडलं नाही. घरी येऊन मी रडले."

बाबांचा हात खिशावरच राहिला. मला काही कळत नव्हतं. मी बाबांकडे पाहिलं तर ते त्या बाईंच्या पाठीकडे बघत होते. त्यांनी चहा ओतताना डाव्या हाताने पदर मागे खोचला आणि मान जराशी तिरकी केली, आणि ते मीसुद्धा ओळखलं. पांढऱ्या रेघा नव्हत्या, एवढाच फरक. गॅरेजमध्ये या बाईचे फोटो होते, प्रत्येकावर चिठ्ठी होती, कुठला भाग, कुठली साडी. आणि त्या दर महिन्याला बाबांच्या समोर, काउंटरच्या पलीकडे, हाताच्या अंतरावर उभ्या राहत होत्या, आणि बाबा त्यांना सांगत होते की पाण्याबरोबर घ्या.

"मला शंका आधीच आली होती," त्या कप भरत म्हणाल्या. "एकदा मी दुकानातून शेवटची बाहेर पडले, तर तुम्ही मागून तुमच्या त्या मदतनीस मुलीला म्हणालात, 'पाहुणे गेले का?' अगदी माझ्या आवाजात. चांगली करता हो नक्कल. फक्त 'का' थोडा लांबतो. तेव्हा मला वाटलं, यांनी ओळखलंय, पण बोलत नाहीत, माझा मान ठेवतायत. तुम्हीच सांगितलंत ना घरी?"

बाबा दुकान बंद करताना रोज ती नक्कल करायचे. शेवटचं गिऱ्हाईक कुणीही असो. दुकानातली ती मदतनीस सामोअन मुलगीही ती नक्कल शिकली होती. हे मला माहीत होतं आणि बाबांना माहीत होतं, आणि जगात आणखी कुणाला कळायची गरज नव्हती. मी वाट बघत होते. माझे बाबा मालिकेच्या बाबतीत कधी खोटं बोलायचे नाहीत. छत्री तिसऱ्या भागापासून की चौथ्या, यावरून ते सुधाकाकाशी महिना महिना भांडायचे.

"हो," बाबा म्हणाले. "पहिल्याच दिवशी ओळखलं."

सुनंदाबाईंनी आम्हाला चहा निळसर मगांतून दिला आणि स्वतः तो कप घेऊन समोर बसल्या. "दोन वर्षं या कपांतून सगळ्यांना चहा पाजला," त्या म्हणाल्या. "मी स्वतः कॅमेऱ्यासमोर तर नाहीच, पण मधल्या वेळातही यातून प्यायले नाही. कप सांभाळायचे म्हणून आम्हाला काचेचे ग्लास असायचे. आता रोज सकाळी बाळ उठायच्या आधी यातून पिते." आणि त्या प्यायल्या. बाबा बघत होते. त्यांनी मालिकेबद्दल एक प्रश्न विचारला नाही, ज्या माणसाला झोपेतून उठवलं तरी चाळीस प्रश्न तयार असायचे. त्यांनी आईची चटणीची बाटली टेबलावर ठेवली, बाळाचं नाव विचारलं, भारतातून आणलेल्या गोळ्या आणि इथल्या गोळ्या एकत्र घेऊ नका म्हणून सांगितलं. खिशातल्या कपावरून कोट सारखा करत ते उठले. गॅरेजमध्ये येऊन बघा, असंही ते म्हणाले नाहीत. मला वाटतं, त्यांना त्या चिठ्ठ्यांची लाज वाटली असावी, पण हे मी माझ्या पदरचं सांगते आहे.

दाराशी आम्ही चपला घालायला वाकलो. बाबांच्या बुटांच्या नाड्या होत्या, त्यांना वेळ लागायचा, आणि खिशात कप असल्यामुळे नीट वाकता येत नव्हतं. दार अर्धवट लोटलेलं. आत नळ वाजला, मग बंद झाला. आणि मग आतून, स्वयंपाकघरातून, तो आवाज आला. कॅसेटमधला नव्हता, स्वच्छ होता, जरा थकलेला.

"पाहुणे गेले का?"

'का' आखूड होता.

बाबा एक बूट हातात धरून उभे राहिले. आयुष्यभर ज्या वाक्याचं उत्तर ते सोफ्यावर, मोटारीत, अंघोळ करताना पात्राच्या आधी देत आले, त्याचं उत्तर त्यांच्या तोंडून निघेना. ओठ हलले. डोळे भरले होते, नाक लाल झालं होतं, आणि मला त्यांची दया आली, आणि प्रेमही वाटलं. आत त्या थांबल्या होत्या. शांतता लांबत चालली होती, आणि तिला किती लांबू द्यायचं हे मला रविवारांनी शिकवलं होतं.

"नाही वहिनी," मी म्हणाले, "चपला शोधतोय."

त्या घराबाहेर, भर ऑकलंडात, मी मोठ्याने बोललेलं ते माझं पहिलं मराठी वाक्य. माझ्या जँडल्स माझ्या पायात होत्या.

आत, ओट्यावर कप ठेवल्याचा आवाज आला.